स्तोत्र 112 : वाईट बातमीला न भिणारा माणूस

बुधवार, रात्री

आज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 112 घेतलं. वचनं दहाच, पण 111 वाचल्याशिवाय त्याला हात घालू नये असं माझं मत झालंय. दोन्ही स्तोत्रं हिब्रू वर्णमालेवर बांधलेली आहेत. अक्षरं 22, ओळीही 22, आणि प्रत्येक ओळ पुढच्या अक्षराने सुरू होते. 111 मध्ये देवाचं वर्णन आहे, 112 मध्ये त्याचं भय धरणाऱ्या माणसाचं. तिथे देवाचं नीतिमत्त्व सर्वकाळ टिकतं, इथे त्या माणसाचं. तिथे देव कृपाळू आणि कनवाळू, इथे चौथ्या वचनात तेच गुण नीतिमानाच्या अंगी. देवाचं भय धरता धरता माणूस त्याच्यासारखा होत जातो. मला तरी या स्तोत्रातला सर्वांत मोठा आशीर्वाद हाच वाटतो.

तिसऱ्या वचनातली धनसंपत्ती प्रार्थनासभांतून फार ऐकू येते. घर, नोकरी, व्हिसा, सगळं तिच्या आधारावर मागितलं जातं. मागावं, देव बापच आहे. पण तिथेच थांबलेलं मला खटकतं. पाचव्या वचनात तोच माणूस अडलेल्याला उसनं देतो, नवव्यात गरिबांना सढळ हाताने वाटतो. यरुशलेमेतल्या गरीब बंधुभगिनींसाठी वर्गणी जमवताना प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, आपल्या दुसऱ्या पत्रात हेच नववं वचन लिहिलं होतं.

सातव्या वचनापाशी खूप वेळ बसले. वाईट बातमी येणार नाही, असं वचन देवाने कुठेच दिलेलं नाही. ती आली तरी हा माणूस भिणार नाही, कारण त्याचं मन परमेश्वरावर भरवसा ठेवून स्थिर आहे. अंधार चौथ्या वचनातही आहेच, उजेड उगवतो तो त्या अंधारातच.

पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. आईवडील दुष्काळात गेले, पती लग्नानंतर दोनएक वर्षांतच. त्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना, विधवांना आपल्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यांतूनच वाढलं. नववं वचन जगायचं म्हणजे काय, ते मला तिथे दिसतं.

आणि दुसरं वचन? नीतिमानाची संतती पृथ्वीवर बलवान होईल, असं ते म्हणतं. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. मुक्तीतल्या शेकडो मुली हीच त्यांची संतती, असं म्हणता येईल. पण मुलगी गमावलेल्या आईसमोर मी ते इतक्या सहज बोलणार नाही. हे वचन मला अजून उलगडलेलं नाही. दिसतं ते एवढंच की स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते भाषांतर छापून आलं. सातव्या वचनातलं स्थिर मन म्हणजे काय, ते मी त्यांच्या त्या शेवटच्या महिन्यांत पाहते.

दहावं वचन, दुष्ट हे पाहून दात खातो ते, आज नुसतंच वाचलं. उद्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा नववा अध्याय सबंध वाचायचा आहे, आणि मंडळीच्या मदतनिधीत या महिन्यात किती घालायचं ते यांच्याशी बोलून ठरवायचं आहे.