राखमेत, आपा! (कझाखमध्ये 'धन्यवाद, आजी!')

कझाखस्तानातल्या अल्माटीत येऊन दीड वर्ष झालं, पण बाजारहाट सगळा मोडक्यातोडक्या रशियनवरच. आज कोक बाजारात सफरचंदवाल्या आजींना नेहमीच्या 'स्कोल्का?'ऐवजी घोकून आलेलं कझाख 'कान्शा?' (म्हणजे 'केवढ्याला?') विचारलं. आजी आधी दचकल्या, मग असं काही हसल्या की विचारू नका! आकडा कझाखमध्येच सांगितला (मला कळला नाही, बोटांवर भागवलं) आणि दोन सफरचंदं वर टाकली. शेजारी मोबाइलमध्ये डोकं घातलेला नातू मात्र आजीशी रशियनमध्येच बोलत होता.

1989 साली कझाख राजभाषा झाली, तरी सरकारी कामात रशियन आजही सोबत आहेच. लिपीचे हाल तर काय सांगू? आधी अरबी, 1929 पासून लॅटिन, 1940 पासून सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. 2017 मध्ये पुन्हा लॅटिनकडे जायचं ठरलं, मुदत होती 2025. पाट्या अजून बहुतेक सिरिलिकच.

रूमवर येऊन आईला फोन केला. म्हटलं, इथेही पुस्तकाला 'किताप' आणि बाजाराला 'बाजार'च म्हणतात. आई म्हणाली, "मग दीड वर्ष काय करत होतास?"