आमची वाटचाल: पाटी लावण्याआधीची नावाची चौकशी

यावल तालुक्यात, फैजपूर-सावदा पट्ट्यात आमचा कारखाना आहे. कच्च्या केळीचे वेफर्स, उडदाचे पापड, बिबडे आणि काळा मसाला एवढा आमचा माल. सुरुवात घरच्या ओट्यावर झाली. मग बचत गटाच्या बाया आल्या, पत्र्याची शेड उभी राहिली, पाऊच भरायचं मशीन आलं. बरीच वर्षं धंदा माझ्या एकटीच्या नावावर, प्रोप्रायटरी होता. पुण्याचे आणि सुरतचे व्यापारी माल मागू लागले, बँकेकडून वाढीव कर्जाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड करायचं ठरलं. वाटचाल म्हटली की लोक मशिनरीबद्दल, पहिल्या ऑर्डरबद्दल विचारतात. मला नावाबद्दल लिहायचं आहे. कंपनी करताना आम्ही सगळ्यात जास्त विचार नावाचाच केला, आणि नव्यानं कंपनी काढणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींना त्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

दुकानाचा गुमास्ता परवाना निघाला, लघुउद्योगाचा उद्यम दाखला हातात आला की नाव आपलं झालं, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. पण त्या कागदांवर नावाचा हक्क मिळत नाही. एकाच नावाचे वेफर्सवाले रावेरलाही असू शकतात, चोपड्यालाही आणि शिरपूरलाही. कुणाचं कुणाला अडत नाही. कंपनीला मात्र सगळा देश एकच गाव आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४ प्रमाणे आधीच नोंदलेल्या कंपनीशी सारखं किंवा फार जवळ जाणारं नाव मिळत नाही. नावांचे अर्ज हरियाणात मानेसरला असलेल्या केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासले जातात. तिथल्या माणसापुढे आसाम, केरळ, खान्देश सगळ्यांची यादी एकच असते.

आमच्या घरातली पहिली यादी कुठल्याही खान्देशी घरात होईल तशीच होती. तापी, गिरणा, सातपुडा, मुक्ताई, कानबाई, आणि अर्थातच खान्देश. यातल्या प्रत्येक नावावर आमचं प्रेम आहे. श्रावणात कानबाईचे रोट केल्याशिवाय आमच्याकडे सण होत नाही. पण ज्यावर आमचं प्रेम, त्यावर साऱ्या मुलखाचं प्रेम. दालमिल, ठिबकची दुकानं, पतपेढ्या, ट्रॅक्टरची शोरूम, जिकडे बघाल तिकडे हीच नावं. म्हणून अर्ज भरण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर एकेक नाव टाकून बघायला बसलो.

बघण्याचीही एक रीत आहे. ‘फूड्स’, ‘ॲग्रो’, ‘इंडस्ट्रीज’ अशी शेपटं काढून नुसता मूळ शब्द टाकायचा. मराठी शब्द रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येतो, त्या चारही तऱ्हा टाकून बघायच्या. कंपन्यांबरोबर एलएलपीचीही (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांची) यादी चाळायची, कारण तिथलं नावही आड येतं. आमचे सीए म्हणाले, “ताई, पोर्टलवर रिकामं दिसलं म्हणजे मोकळं आहे असं धरू नका. कंपनी स्थापनेच्या नियमांतला नियम ८ वाचा.” मी तो वाचला, आणि प्रत्येकानं वाचावा असं माझं मत आहे. २०१९ साली हे नियम बदलून बरेच सोपे झाले. कशाला वेगळं नाव म्हणायचं नाही, याची त्यात उदाहरणांसकट यादीच आहे. अनेकवचन केलं, दोन शब्द जोडले, मध्ये रेघ टाकली, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर वाढवलं, शब्दांची उलटापालट केली, हिंदी नावाचं इंग्रजी केलं, तरी नाव तेच धरतात. असलेल्या नावात नुसतं गावाचं नाव घातलं तरी तेच. म्हणजे कुणाचं नाव आवडलं आणि त्यात ‘जळगाव’ घातलं, की काम झालं, असं होत नाही.

पुढे नियम ८अ आहे, त्यात नको असलेल्या नावांची जंत्री आहे. भागीदारांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव चालत नाही. आमच्या दिरांना तेच हवं होतं. फार सर्वसाधारण नावही चालत नाही, उदाहरणार्थ नुसतंच ‘कॉटन टेक्स्टाइल मिल्स’. बंद पडून नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपनीचं नावसुद्धा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २० वर्षं दुसऱ्याला मिळत नाही. ‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘कमिशन’, ‘पंचायत’ असे शब्द घालायचे तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. त्याची यादी ८ब मध्ये आहे.

यापेक्षा महत्त्वाचा भाग ट्रेडमार्कचा, आणि नेमका तोच लोक सोडून देतात. नोंदलेला ट्रेडमार्क किंवा ज्याचा अर्ज अजून प्रलंबित आहे असा ट्रेडमार्क आपल्या नावात असेल, तर मालकाची संमती आणल्याशिवाय ते नाव देऊ नये असा नियम आहे. पण मानेसरहून नाव मंजूर झालं म्हणून मालकाचा हक्क संपत नाही. कलम १६ नुसार कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो तक्रार करू शकतो. निकाल त्याच्या बाजूनं लागला तर तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. १ सप्टेंबर २०२१ पासून नियम आणखी कडक आहे. मुदतीत बदललं नाही, तर सरकार कंपनीच्या नावाच्या जागी ‘ओआरडीएनसी’ (‘प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही’ याचं इंग्रजी लघुरूप) ही अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक लावून टाकतं. असं नाव पाकिटावर छापून कुणाला दाखवणार?

धुळे जिल्ह्यात ओळखीच्या एका मसालेवाल्या बाईंवर ही पाळी आली होती. कंपनी झाली, माल दुकानांत गेला, आणि दूरच्या राज्यातल्या जुन्या मार्कवाल्याच्या वकिलाची नोटीस आली. चूक म्हणावी तर त्यांनी कुणाचं काही चोरलं नव्हतं. त्यांना ते नाव ऐकूनही माहीत नव्हतं. पाऊच छापायला प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर करावं लागतं. ती सगळी सिलिंडरं, शिल्लक पाऊच, परवाने, बँक खातं, जीएसटी, सगळं नव्यानं. त्या माऊलीनं उन्हाळाभर मिरची कांडून जमवलेले पैसे त्यात गेले. आमच्या घरात तेव्हाच ठरलं, की सिलिंडरची ऑर्डर नावाचे सगळे कागद हातात आल्यावरच द्यायची.

ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट करता येतो. शब्द टाकून एकदा आणि उच्चारानं जुळणारे मार्क दाखवणाऱ्या फोनेटिक पर्यायानं एकदा, असं दोन्ही बघायचं. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. वेफर्स २९ मध्ये, मसाले आणि पीठ ३० मध्ये, ताजी केळी ३१ मध्ये. आम्ही तिन्ही वर्ग पाहिले. तापी-गिरणा-मुक्ताईचा निकाल इथेच लागला. शिवाय मुलखाचं नाव, देवाचं नाव ही सगळ्यांची असतात. निव्वळ भौगोलिक नावाला ट्रेडमार्क कायदा सहसा संरक्षण देत नाही. ‘रामायण’ हा शब्द अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचा होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान आहेच, पण ते मानांकन साऱ्या शेतकऱ्यांचं आहे, एका वेफर्सवालीच्या पाटीचं नाही. समजा खान्देशाचं नाव आम्हाला मिळालंच असतं, तरी दुसऱ्यानं ते वापरलं तर आम्ही अडवू शकलो नसतो. जे राखता येत नाही, त्यावर पैसा का लावायचा?

नावात केळी असावी की नाही, यावर घरात खूप बोलणं झालं. तेव्हा मला अमळनेर आठवलं. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’. आज तिला सारं जग विप्रो म्हणून ओळखतं, आणि संगणकाच्या कामासाठी ओळखतं. माल बदलला तसं मालाचं नाव गळून पडलं. आपला धंदा विप्रोएवढा होणार नाही, पण उद्या मसाला वेफर्सच्या पुढे गेला तर? म्हणून केळी नावातून काढली.

सासूबाईंनी एकच अट घातली. “नाव असं ठेव, की दुकानदाराले एका दमात सांगता आलं पाहिजे.” मला ती फार मोलाची वाटली. आपल्याकडे प्रत्येक शेताच्या तुकड्याला घरातलं एक नाव असतं, ते सातबारावर नसतं, शेजारगावालाही ठाऊक नसतं. आमच्या केळीच्या तुकड्याचं असंच एक जुनं नाव आहे. त्याचा अर्धा भाग आणि आईच्या माहेरच्या घराण्याच्या नावाचा अर्धा भाग जोडून एक शब्द केला. कंपन्यांच्या यादीत नाही, एलएलपीत नाही, ट्रेडमार्कच्या तिन्ही वर्गांत नाही, वेबसाइटचं डोमेनही मोकळं. इंटरनेटवर आणि बाजारातल्या पाकिटांवरही शोधलं, कारण नोंद न करता वर्षानुवर्षं नाव वापरणाऱ्यालाही कायद्यात हक्क असतो.

अर्ज मात्र सोपा आहे. स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मच्या भाग ‘अ’ मध्ये दोन नावं पसंतीच्या क्रमानं देता येतात, शुल्क १,००० रुपये. उद्योगाचा कोड आणि कंपनी काय करणार ते लिहावं लागतं. हरकत निघाली तर एकदा दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतं. आमचं पहिलंच नाव मंजूर झालं. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. जादा शुल्क भरून ते ६० दिवसांपर्यंत नेता येतं. म्हणून संचालकांच्या डिजिटल सह्या, जागेचं वीजबिल, जागामालकाचं संमतिपत्र हे सगळं आधीच तयार ठेवलं होतं, आणि प्रत्यक्ष कंपनी नोंदणीचा भाग ‘ब’ लगेच भरला.

कंपनी स्थापनेचं प्रमाणपत्र आलं त्याच आठवड्यात २९ आणि ३० या वर्गांत ट्रेडमार्कचे अर्ज टाकले. उद्यम असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये पडतं. त्यानंतर एफएसएसएआयचा खाद्यपदार्थ परवाना, जीएसटी आणि बँक खातं नव्या नावावर केलं, आणि शेवटी सिलिंडरची ऑर्डर दिली. आता यावल आणि रावेरच्या काही शेतकऱ्यांची ताजी केळीही आमच्याच नावानं खोक्यात भरून पाठवायचा विचार चालू आहे, त्यासाठी ३१ व्या वर्गाचा अर्ज सध्या तयार करतो आहोत.