कडेवरचा हात

आईबाबांच्या लग्नाचा अल्बम स्कॅन करण्याचे काम मी गेल्या महिन्यात हाती घेतले, तेव्हा ते दोन दिवसांत उरकेल असा माझा अंदाज होता. फोटो अवघे ६८ होते. छायाचित्रकाराने त्या दिवशी ३६ फोटोंचे दोनच रोल वापरले होते आणि त्यांतले चार फोटो अल्बममध्ये लावण्याजोगे आले नव्हते. तरीही काम तीन आठवडे रेंगाळले, कारण मी फोटो हातात घेतला की आई शेजारी येऊन बसे आणि मधोमध उभ्या असलेल्या स्वतःकडे ढुंकूनही न पाहता मागच्या रांगेतील कोणाकडे तरी बोट दाखवून बोलू लागे.

याचे आधी मला नवल वाटले. आता वाटत नाही. ज्यांचे लग्न असते त्यांनाच ते सर्वांत कमी दिसते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळलेल्या असतात आणि ते मात्र पुढे काय करायचे, कुठे पाहायचे, याच विवंचनेत असतात. आपल्या पाठीमागे कोण कंटाळून बसले होते, अबोला धरलेल्या कोणत्या दोन बहिणी त्या दिवशी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या होत्या, हे आईला फोटो हाती आल्यावरच कळले.

अल्बमची पाने चिकट थराची आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक असलेली होती. असे अल्बम एके काळी फार सोयीचे वाटत. पण वर्षे गेली की तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवत मी एकेक फोटो सुटा केला. रंगही उतरले होते. त्या काळच्या रंगीत फोटोंमधले निळसर रंगद्रव्य बहुधा अल्बम मिटून ठेवला तरी विरत जाते आणि फोटो तांबूस दिसू लागतो. संगणकाने रंगांचा तोल सावरून दिला, तेव्हा आई म्हणाली, "इतके निळे तिथे काहीच नव्हते." तिचे म्हणणे प्रमाण मानून मी ती दुरुस्ती रद्द केली.

खरी चूक मात्र वेगळीच झाली होती. एका फोटोच्या डाव्या कडेला, चौकटीबाहेर राहिलेल्या कोणाचा तरी, खुर्चीची पाठ धरलेला हात दिसतो. तो आजोबांचा. दिवसभर धावपळ करणाऱ्या त्या माणसाचा लग्नातला एकही धड फोटो नाही. आहे तो एवढा मनगटापर्यंतचा हात. स्कॅनरच्या आपोआप कडा छाटण्याच्या सोयीने नेमका तोच कापून टाकला होता आणि माझ्या ते लक्षातही आले नव्हते. आईने पडद्यावर पाहताच विचारले, "नाना कुठे गेले?"

आजोबांचे दुसऱ्या प्रसंगांचे चांगले फोटो घरात आहेत, त्यांतला एखादा इथे लावू, असे मी सुचवून पाहिले. लोक असे करतात. राणी व्हिक्टोरियाचे लग्न १८४० मध्ये झाले, छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आल्यावर जेमतेम वर्षभराने, आणि त्या सोहळ्याचे छायाचित्र नाही. तरी रॉजर फेन्टनने १८५४ मध्ये काढलेली त्या दांपत्याची छायाचित्रे आजही पुष्कळदा लग्नाची म्हणून दाखवली जातात. आईला हे पटण्यासारखे नव्हते. तिला त्या दिवशीचे नाना हवे होते, मग ते हाताएवढेच का असेनात.

तो फोटो मी पुन्हा स्कॅन केला, या वेळी गोंदाच्या डागांसह, पांढऱ्या किनारीसकट. त्यात बाबांचे डोळे मिटलेले आहेत आणि आई भलतीकडेच पाहते आहे. मोठ्या आकारात छापून घ्यायला तिने सांगितला तो हाच एक.