तुम्ही विचारलंत म्हणून: लावली की दिसते, मग एवढी उस्तवार कशाला?

"पेनड्राइव्ह लावला की खिडकी उघडते, काम झालं की काढून घेतो. मग यूएसबीची हार्डडिस्क लिनक्सवर 'सेट' करायची म्हणजे नक्की काय करायचं?" ऑफिसातले विचारतात, भाचा विचारतो, आणि ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून दिलंय ते तर हमखास विचारतात. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

ती खिडकी उघडते, कारण तुम्ही लॉगिन करून समोर बसलेले असता. डेस्कटॉप मागच्या मागे डिस्क जोडून देतो: उबुंटूवर 'मीडिया' फोल्डरात तुमच्या नावाखाली, फेडोरावर 'रन'च्या आतल्या 'मीडिया'त. टेबलाखाली स्क्रीनशिवाय चालणारं, रात्री बॅकअप घेणारं यंत्र असेल तर तिथे लॉगिन करून बसलेलं कुणीच नसतं, मग जोडणार कोण? म्हणून माझा पहिला सल्ला असा, की येऊन-जाऊन असणाऱ्या पेनड्राइव्हसाठी काहीही करू नका. पुढचं सगळं कायम लागून राहणाऱ्या डिस्कसाठी आहे.

अशा डिस्कच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो तिच्या पत्त्याचा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं ती सापडतील त्या क्रमाने. दोन यूएसबी डिस्क असतील तर आजची एसडीबी उद्या रीस्टार्टनंतर एसडीसी होऊ शकते. त्यात 'एसडीए म्हणजे आतली डिस्क' हे जुन्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण नव्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई (आतली वेगवान एसएसडी) डिस्क या रांगेतच नसते. तिचं नावच वेगळं, त्यामुळे तिथे बाहेरून लावलेली डिस्कच एसडीए होते. कुठूनतरी उचललेली फॉरमॅटची कमांड डोळे मिटून चालवणाऱ्यांची मला म्हणूनच धास्ती वाटते. आधी 'एलएसबीएलके' (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) पुढे डॅश ओ आणि 'नेम,साइझ,मॉडेल,ट्रान' जोडून चालवा, डिस्कचा आकार आणि मॉडेल बघा, ती यूएसबीवरच आहे ना याची खात्री करा, मग एंटर दाबा.

क्रमावर विसंबायचं नसेल तर यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक, वापरायचा. फॉरमॅट करताना प्रत्येक फाइल सिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या रचनेला) तो मिळतो आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. 'एलएसबीएलके'ला पुढे डॅश एफ जोडलं की दिसतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी चार आडव्या रेघा धरून ३६ चिन्हांचा असतो. तिथे जेमतेम आठ आकडे-अक्षरं आणि मध्ये एक रेघ दिसली, तर डिस्क फॅट किंवा एक्सफॅट आहे असं समजा.

फॉरमॅट कुठला, यावर लोक तासभर वाद घालतात. माझं मत सरळ आहे. डिस्क फक्त लिनक्सलाच लागणार असेल तर ईएक्सटी४. विंडोज आणि मॅकवरही फिरणार असेल तर एक्सफॅट. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) २०२० साली ५.७ आवृत्तीपासून तिचा चांगला ड्रायव्हर आला, तेव्हापासून वेगळं काही टाकावं लागत नाही. फॅट३२ मात्र सोडा, तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो.

आता एफएसटॅब, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी. 'ईटीसी' फोल्डरातल्या या फाइलीत प्रत्येक डिस्कची एक ओळ असते: यूयूआयडी, कुठल्या फोल्डरात जोडायची, फाइल सिस्टिमचा प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. बाहेरच्या डिस्कसाठी पर्यायांत 'डीफॉल्ट्स'च्या पुढे स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहायलाच हवं. ते नसलं आणि कुणी झाडू मारताना डिस्कची केबल उपटली, तर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतं आणि मग रुसून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. स्क्रीन नसलेल्या यंत्राच्या बाबतीत याचा अर्थ मॉनिटर-कीबोर्ड उचलून टेबलाखाली शिरणं. 'नोफेल' असलं की डिस्क नसली तरी बाकी सगळं बिनबोभाट सुरू होतं. ओळ लिहून झाली की रीस्टार्टची वाट न बघता लगेच 'माउंट डॅश ए' (यादीतल्या सगळ्या डिस्क जोडण्याची कमांड) चालवा. टायपिंगमधली बरीचशी गडबड तिथल्या तिथे कळते, पण यूयूआयडी चुकला असेल तर 'नोफेल'मुळे एरर येत नाही, म्हणून डिस्क खरंच जोडली गेली का तेही बघा.

पण 'नोफेल'मुळे दुसरी एक अडचण उभी राहते आणि ती फारसं कुणी सांगत नाही. डिस्क जोडलेली नसली तरी जिथे ती जोडली जाते तो फोल्डर असतोच, रिकामा. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट येते, तिला फोल्डर दिसतो, ती त्यात खुशाल लिहायला लागते. ते सगळं जातं आतल्या छोट्या डिस्कवर आणि ती तुडुंब भरते. नंतर तुम्ही केबल लावता, बाहेरची डिस्क त्याच फोल्डरवर जोडली जाते आणि चुकून लिहिलेल्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. 'डीएफ' (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) सांगतं जागा संपली, 'डीयू' (फोल्डरांचा आकार मोजणारी) सांगतं इथे तर काहीच नाही. यावरचा उपाय एका ओळीचा आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' कमांडने अधिक आय, म्हणजे बदलबंदीची खूण, लावून ठेवा. मग त्यात रूटलासुद्धा (लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याला) लिहिता येत नाही, डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी जोडली जाते. केबल निघालेली असेल त्या रात्री बॅकअप एरर देऊन थांबतो, आणि तेच आपल्याला हवं असतं.

नवी ईएक्सटी४ डिस्क जोडल्यावर त्यात साधी फाइलही ठेवता येत नाही, अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात. बिघडलेलं काही नसतं, डिस्कचा वरचा फोल्डर रूटच्या मालकीचा असतो. 'चोन' (मालक बदलायची कमांड) करून तो आपल्या नावावर करा. ही मालकी नावाने नाही, आकड्याने नोंदलेली असते. उबुंटू-डेबियनवर पहिल्या माणसाचा आकडा १०००, त्यामुळे तुमची डिस्क माझ्या मशीनला लावली की फाइली माझ्या मालकीच्या दिसतात. यात जादू नाही आणि सुरक्षितता तर मुळीच नाही. आणखी एक म्हणजे, ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ४ टीबीच्या डिस्कवर हे २०० जीबी झाले. नुसता डेटा ठेवायचा असेल तर 'ट्यून२एफएस' या कमांडला डॅश एम शून्य देऊन ती जागा परत घ्या.

आता खास आपल्या लोकांची अडचण. ईएक्सटी४मध्ये फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. इंग्रजीत ती २५५ अक्षरं झाली, पण यूटीएफ-८मध्ये (लिनक्स अक्षरं साठवतं त्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं. नुसता 'श्री' लिहिला की १२ बाइट गेले. म्हणजे हातात चिन्हं उरली ८५. विंडोजच्या एनटीएफएसवर आणि एक्सफॅटवर मोजणी वेगळी आहे, तिथे २५५ देवनागरी चिन्हं बसतात. कुणी तिथे 'कै. आजोबांच्या हस्ताक्षरातली...' असं सुरू करून ऐसपैस नाव दिलं असेल, तर लिनक्सच्या डिस्कवर कॉपी करताना 'नाव फार लांब' म्हणून नेमकी तीच फाइल मागे राहते. बाकी हजारो जातात, म्हणून लक्षातही येत नाही. कॉपी झाल्यावर एरर वाचा, नुसती शेवटची ओळ बघून उठू नका.

डिस्कच्या लेबलचंही तसंच. ईएक्सटी४चं लेबल १६ बाइटचं. 'दप्तर' १५ बाइटांत बसतं, 'भांडार'ला १८ लागतात, शेवटचा र मध्येच चिरतो. लेबल रोमनमध्ये ठेवा आणि मोकळे व्हा.

काढताना ओढून काढू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण का ते नसतं. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी बराचसा डेटा अजून रॅममध्ये असतो, लिनक्स तो सवडीने डिस्कवर उतरवतं. तेवढ्यात लाईट गेली किंवा केबल निघाली, तर ईएक्सटी४चं जर्नल (चालू बदलांची नोंदवही) फाइल सिस्टिमचा सांगाडा वाचवतं, रॅममधला डेटा नाही. एक्सफॅटला तर जर्नलच नसतं. 'अनमाउंट' (डिस्क सोडवणं) केल्यावर प्रॉम्प्ट परत यायला वेळ लागतो तो याचसाठी, तोवर हात लावू नका. आणि 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'एलसॉफ' या कमांडला त्या फोल्डराचा पत्ता देऊन विचारा, कोण अडून बसलंय ते कळेल. बहुतेकदा तुमचंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरात उघडं असतं. नुसतं 'सीडी' करून बाहेर या आणि पुन्हा अनमाउंट करा.