अदलाबदलीला विरोध का नोंदवला

तिठ्यावरच्या शाळेची जागा देऊन ओढ्यापलीकडची घेण्याच्या प्रस्तावाला मी जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीत विरोध का नोंदवला, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. हळदीकुंकवाला विचारता, दवाखान्याच्या बाकावर विचारता, मुलाच्या ॲडमिशनसाठी फोन केलेला असतो आणि बोलता बोलता मध्येच विचारता. "ताई, शाळेला दुप्पट जागा मिळत होती, वर पाच खोल्या बांधून मिळत होत्या. स्थायी समितीत सगळे हो म्हणत असताना तुम्ही एकट्याच कशाला आडव्या आलात?" काही जण नेमकं उलटं बोलतात. "तुम्ही होतात म्हणून रस्त्यावरची जागा वाचली." पहिल्यांच्या लेखी मी गावाचं वाटोळं करणारी, दुसऱ्यांच्या लेखी रणरागिणी. दोन्ही ऐकून मी दमले आहे.

२०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून आले तेव्हा माझं मत पक्कं होतं. समितीत विषय कुणी वाचत नाही, नुसते मंजूर होतात, आणि मंजूर करणारे सगळे आतून मिळालेले असतात. प्रचाराच्या सभांत मी हे बोललेही आहे. आत बसायला लागल्यावर दिसलं की मंजूर होणाऱ्या बहुतेक गोष्टी मंजूर व्हायलाच हव्यात अशा असतात. उपकेंद्राचं गळकं छत, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती, अंगणवाडीची खोली. त्यांच्यावर तासभर भाषणं करणं म्हणजे पेशंटला ताटकळत ठेवणं. प्रत्येक विषयाला टिपणी जोडलेली असते. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला डावलायचं तर कारण लिहावं लागतं आणि ते ऑडिटला टिकावं लागतं. फारच कमी दर भरला असेल तर जादा सुरक्षा अनामत घेतात, म्हणजे काम अर्धवट टाकून तो पळू नये. हे नियम वाईट नाहीत.

मग गडबड होते कुठे? सभेच्या आधी. काम किती रकमेचं बसवायचं, एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडून ते ई-निविदा काढावीच लागते त्या रकमेखाली आणायचे का, निविदेत कोणती अट घातली की चार जण आपोआप बाहेर पडतील, हे सगळं टेबलावर येण्याआधी ठरलेलं असतं. लहान कामांच्या वाटपासाठी तेव्हा ३३:३३:३४ चं प्रमाण होतं: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. हेतू चांगला. पण मजूर संस्थेच्या यादीतला मजूर आणि संस्था चालवणारा माणूस यांची गाठभेट कितीदा होते, ते जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ठेक्यात हितसंबंध असलेल्या सदस्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, हे १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यातच लिहिलं आहे. म्हणून ठेका सदस्याच्या नावावर घेतला जात नाही. भाच्याच्या नावावर घेतला जातो.

एवढं कळल्यावर मी एक गोष्ट धरून ठेवली. विषय कोणता आहे याच्याइतकंच तो आला कसा, हे बघायचं. विषयपत्रिकेवर छापून, टिपणीसह चार दिवस आधी घरी आलेला विषय एक आणि सभा संपत आली असताना ऐनवेळी वाचलेला विषय वेगळा.

शाळेच्या जागेचा विषय ऐनवेळचा होता.

२०२० चा फेब्रुवारी. चहा येऊन गेला होता, निम्म्या लोकांनी फायली मिटल्या होत्या. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय सुरू झाले आणि आमच्या हातात दोन कागद पडले. तिठ्यावरच्या प्राथमिक शाळेची बावीस गुंठे जागा द्यायची आणि ओढ्यापलीकडची पंचेचाळीस गुंठे घ्यायची. त्या जागेचा मालक स्वखर्चाने पाच खोल्या बांधून देणार. सर्वसाधारण सभेकडे शिफारस करून प्रस्ताव पुढे शासनाच्या मान्यतेला पाठवायचा. वाचणाऱ्याला एका दमात हो म्हणावंसं वाटेल असाच विषय होता.

दुसरा कागद सातबारा होता. माझे वडील तलाठी होते. ते सांगायचे, सातबारा हातात आला की आधी उजवीकडचे इतर हक्क बघायचे, मग वर भूधारणा पद्धती बघायची, मालकाचं नाव सगळ्यात शेवटी. त्या सवयीने बघितलं. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. भूधारणेपुढे होतं: भोगवटादार वर्ग २. म्हणजे ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरच होऊ शकत नव्हती. मी विचारलं, परवानगी कुठे आहे? "ती नंतर घेता येईल, मॅडम." मोजणीचा नकाशा? "तातडीची मोजणी लावू." दोन्ही जागांचं मूल्यांकन? टिपणीत गुंठे होते, रुपये कुठेच नव्हते. तिठ्यावरचा गुंठा आणि ओढ्यापलीकडचा गुंठा यांच्या भावात किती फरक आहे हे आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. रस्त्यापुढे लिहिलं होतं, "वहिवाटीचा रस्ता उपलब्ध". ती वहिवाट मी पाहिलेली आहे. ती ओढ्यातून जाते, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की तिथून बैलसुद्धा जायला तयार नसतो. पहिलीची पोरं कशी जाणार?

मी म्हटलं, कागद पुरे करा, पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्या, मी स्वतः सूचक होईन, ठराव मीच मांडेन. माझ्याच पक्षाचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "वहिनी, गावाचं भलं होतंय, लांबण लावू नका." सूचक ठरले, अनुमोदक ठरले. मी म्हटलं, माझा विरोध नोंदवा. कुणीतरी "हो हो" म्हणालं आणि आभाराचं भाषण सुरू झालं.

त्या संध्याकाळी मी घरी जाण्याआधी हाताने पत्र लिहिलं. विरोधाची चार कारणं, खाली सही. आवक विभागात दिलं, शिक्का मारून पोच घेतली. हेही वडिलांचंच: पोच घेतल्याशिवाय कागद दिला असं म्हणायचं नाही.

मार्चच्या सुरुवातीला पुढची सभा झाली. पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. यावर कुणी बोलत नाही, पान उलटतात. मी ते पान काढलं. "सदर विषयास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली."

मी उभी राहिले आणि म्हटलं, हे चुकीचं लिहिलंय. उत्तर आलं, आपण चर्चेत सूचना मांडली होती, विरोध असा नव्हता. मी म्हटलं, नोंदवा असं मी मोठ्याने म्हणाले होते. "ध्वनिमुद्रण तपासावं लागेल." मी शेजारी बघितलं. शेजारच्या सदस्यबाई मागच्या सभेनंतर जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या, बरं झालं तुम्ही बोललात. त्या आता पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. समोरच्या रांगेत दोघे तर असे होते ज्यांच्या मतदार गटातल्या कामांसाठी मी भांडले होते. कुणी मान वर केली नाही. माझे पाय कापत होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी पत्राची प्रत काढली, आवक क्रमांक वाचला, तारीख वाचली, चारही कारणं वाचून दाखवली. सभागृहात इतकी शांतता मी त्याआधी फक्त शोकप्रस्तावाला अनुभवली होती. मग अध्यक्ष म्हणाले, दुरुस्ती करून घ्या. "सर्वानुमते" खोडून "बहुमताने" झालं, आणि पुढे "एका सदस्यांचा लेखी विरोध" हे शब्द आले.

तुम्ही ज्याला आडवं येणं म्हणता, ते एवढंच आहे. प्रस्ताव थांबवण्याचा अधिकार मला नव्हताच. तो बहुमताने मंजूर झाला, पुढे सर्वसाधारण सभेतही झाला. पण वर गेल्यावर तो शब्द बघून कुणीतरी माझं पत्र मागवलं आणि फाईल त्रुटी काढून परत आली. वर्ग २ ची परवानगी, मोजणी, मूल्यांकन, रस्ता. तोवर टाळेबंदी लागली होती. त्रुटींची पूर्तता कुणी केली नाही. मार्च २०२२ मध्ये आमची मुदत संपली, प्रशासक आले.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं खोटं नाही. शाळेच्या दोन खोल्या धोकादायक ठरवून बंद केल्या आहेत. पावसाळ्यात दोन वर्ग मारुतीच्या सभामंडपात बसतात. तिठ्यावर ट्रकचे हॉर्न दिवसभर वाजतात, मैदान नाही, पोरं मधल्या सुट्टीत रस्त्याच्या कडेला खेळतात. ओढ्यापलीकडे मैदान झालं असतं. अदलाबदल हवी असणारे सगळेच कुणाच्या खिशातले नव्हते. शाळेचे मुख्याध्यापक गुरुजी मनापासून त्या प्रस्तावाच्या मागे होते, त्यांनी खोल्यांचा आराखडासुद्धा स्वतः काढला होता. त्या मार्चनंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि न बोलताच सेवानिवृत्त झाले. एक आई मला बाजारात म्हणाली, "तुमची मुलं तालुक्याला शिकली, तुम्हाला काय पडलंय?" माझी मुलं तालुक्याला शिकली हे खरं आहे. त्यावर मी काय बोलणार?

दुरुस्ती का करून घेतली नाही, हेही विचारता. दोनदा प्रस्ताव दिला. उत्तर एकच: जागेच्या अदलाबदलीचा विषय प्रलंबित असताना जुन्या इमारतीवर खर्च कसा टाकणार? अदलाबदल पुढे जात नाही, ती रद्दही होत नाही, आणि ती जिवंत आहे म्हणून कौलं बदलायला पैसा नाही. हा पेच मी तयार केला असं कुणी म्हटलं की मला राग येतो. रात्री मात्र वाटतं की त्यात माझाही एक वाटा आहेच.

"शेतकरी करतात की अदलाबदल!" हे फार ऐकते. सरकारने २०२३ साली सलोखा योजना आणली, हजार रुपये मुद्रांक शुल्क, हजार रुपये नोंदणी फी, झाली अदलाबदल, असं तुमच्या डोक्यात असतं. अहो, ती दोन शेतकऱ्यांसाठी आहे. एकमेकांची जमीन बारा वर्षं एकमेकांच्या ताब्यात आहे, कागद फक्त उलटे आहेत, त्यांच्यातला तंटा मिटावा म्हणून. शाळेची बावीस गुंठे माझ्या बापाची नाहीत, अध्यक्षांच्याही नाहीत. गावातल्या एका म्हाताऱ्याने शाळेला म्हणून ती दिली होती. दुसरे म्हणतात, गायरानाच्या बदल्यातसुद्धा दुप्पटच घेतात. घेतात, महसूल संहितेच्या कलम २२-अ मध्ये आहे, पण दुप्पट क्षेत्राबरोबर किमतीतही ती जमीन कमी नको असं तिथे म्हटलं आहे. आमच्या टिपणीत किंमतच नव्हती.

आणि प्रशासक आल्यापासून तुम्ही म्हणता, आता कसं बरं, भांडणं नाहीत, कामं पटापट होतात. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे. ठराव एका सहीवर होतो. होत असतीलही कामं लवकर, काही चांगली झालीही आहेत, ती मी नाकारत नाही. पण उद्या तोच प्रस्ताव त्याच दोन कागदांवर पुन्हा आला तर विरोध नोंदवायला समोर इतिवृत्तच नसेल. गावाला कळेल ते जेसीबी आल्यावर.

आता शेवटचा प्रश्न. सगळे कागद नीट असते, जमीन वर्ग १ची, म्हणजे हस्तांतराला मोकळी झाली असती, ओढ्यावर पूल झाला असता, तर हात वर केला असता का? पूर्वी मी ताबडतोब हो म्हणायचे, सभेतही म्हणाले होते की मी सूचक होईन. हल्ली म्हणवत नाही. तिठ्यावरची बावीस गुंठे एकदा गेली की जिल्हा परिषदेला तिथे पुन्हा गुंठाभरही घेणं परवडणार नाही, आणि पुढे तिथे दवाखाना लागेल, वाचनालय लागेल. तर दुसरीकडे आज सहा वर्षांची असलेली पोर त्या पुढच्या वाचनालयासाठी सभामंडपात का बसावी, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लेखी द्या. नवे सदस्य येतील तेव्हा ही फाईल त्यांच्यासमोर येणारच आहे, आणि मी माझं पत्र, मोजणीची मागणी आणि दुरुस्तीचे दोन्ही प्रस्ताव त्यांना नेऊन देणार आहे.