साठ दिवसांची रजा आणि एक रविवार

राज्य शासनाच्या कार्यालयांत ३१ मे या दिवशी निरोप समारंभांची रांग लागते. पूर्वी मुलाला शाळेत घालताना घरच्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. गुरुजींनी तेव्हा पाहिलेल्या सोयीची परतफेड त्या मुलाच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आमची आस्थापना शाखा, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारी शाखा, करते. मार्चअखेरची धावपळ संपते न संपते तोच निवृत्त होणाऱ्यांची सेवापुस्तके टेबलावर येऊन पडतात. शाल, श्रीफळ आणि भाषणे यांची व्यवस्था इतर लोक पाहतात. माझ्या वाट्याला येते ते सेवापुस्तकाच्या शेवटी जोडलेले रजेचे खाते.

हे काम मी अकरा वर्षे करते आहे. बाहेरच्या माणसाला वाटते, की रजेचे काम म्हणजे अर्ज आला, साहेबांची सही घेतली, आदेश काढला, संपले. प्रत्यक्षात आदेश हा त्या कामाचा सोपा भाग आहे. कर्मचारी रजेवर जातो आणि परत येतो, त्याचा आदेश त्याच्या कपाटात पिवळा पडतो, कार्यालयातला अर्ज काही वर्षांनी रद्दीत जातो. उरते ती केवळ खात्यातली एक ओळ. तीस वर्षांनी त्या माणसाने किती रजा घेतली हे ती ओळच सांगते, आणि ती चुकलेली असली तरी तिचेच खरे मानले जाते.

खात्याची रीत तशी सरळ आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे दर १ जानेवारीला आणि दर १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस अर्जित, म्हणजे नोकरीतून कमावलेली पूर्ण पगारी रजा आगाऊ जमा करायची आणि त्याच तारखांना १० दिवस अर्धवेतनी रजा जमा करायची. असाधारण, म्हणजे बोलीभाषेतली बिनपगारी रजा घेतली असेल, तर पुढच्या सहामाहीच्या अर्जित रजेतून तिचा दहावा भाग वजा करायचा. वैद्यकीय कारणासाठी परावर्तित रजा दिली, तर पगार पूर्ण मिळतो, पण अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस जातात. किरकोळ रजा या खात्यात येतच नाही. वर्षाच्या आठ दिवसांचा तो हिशेब वेगळ्या नोंदवहीत असतो आणि ३१ डिसेंबरला पुसला जातो. पण किरकोळ रजा दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही, आणि इथेच लोक फसतात. वडिलांना दवाखान्यात दाखल केले म्हणून कोणी तीन दिवस किरकोळ रजेवर जातो, मग मुक्काम वाढतो, आणि पंधरा दिवसांनी परतल्यावर त्याला कळते, की ते पहिले तीन दिवससुद्धा आता अर्जित रजेत धरावे लागतील. मधले रविवारही रजेतच मोजले जातात. समोर बसलेल्या, झोप न झालेल्या माणसाला हे समजावून सांगणे मला आजही जड जाते.

अर्जित रजा साठवण्याची कमाल मर्यादा ३०० दिवसांची आहे. २००१ पूर्वी ती २४० होती. ज्यांचे खाते काठोकाठ भरले आहे, त्यांच्या नावे नवे पंधरा दिवस वेगळे दाखवायचे असतात. आम्ही ते ‘३०० अधिक १५’ असे लिहितो. ते पंधरा दिवस त्या सहामाहीत वापरले नाहीत, तर बुडतात. म्हणून जून आणि डिसेंबर महिन्यांत पन्नाशीपुढच्या मंडळींना अचानक कुलदैवत आठवते, गावाकडच्या घराची कौले शाकारायची असतात, नातवाचे जावळ निघते. साहेब मंडळी वैतागतात, पण मला यात काही गैर वाटत नाही. वर्षानुवर्षे रजा न घेणारा माणूस म्हणून ज्याचे निरोप समारंभात कौतुक होते, त्याचे कितीतरी पंधरवडे असे बुडालेले असतात, आणि ते कोणाच्या भाषणात येत नाहीत.

मागच्या मे महिन्यात आमचे एक वाहनचालक निवृत्त व्हायचे होते. कार्यालयात सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या खात्यात अर्जित रजेची शिल्लक २३१ दिवस होती. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे, ३०० दिवसांच्या मर्यादेत, रोखीकरण होते: शेवटचे मूळ वेतन आणि त्यावरील महागाई भत्ता यांना तीसने भागून एका दिवसाची रक्कम काढायची आणि शिल्लक दिवसांनी गुणायचे. त्यामुळे खात्यातला एकेक दिवस हा त्या टप्प्यावर रोख रकमेचा असतो. मी नेहमीप्रमाणे नियुक्तीपासूनची एकेक सहामाही तपासत खाली येत होते आणि २०१० सालापाशी अडखळले.

खात्यात नोंद होती: ३ मे ते १ जुलै २०१०, अर्जित रजा ६० दिवस. १ मे हा महाराष्ट्र दिन त्या वर्षी शनिवारी आला होता, २ मे रविवार. या दोन्ही सुट्ट्या मागे जोडण्याची, म्हणजे रजेला लागून घेऊनही रजेत न मोजण्याची, परवानगीही आदेशात होती. मोजणी बरोबर, सही बरोबर, आदेश क्रमांक बरोबर. पण सेवापुस्तकाच्या पुढच्या भागात वेतनवाढीची नोंद होती आणि तिथे वाढीव वेतन ‘१ जुलै २०१० पासून’ दिलेले होते. वेतनवाढीच्या तारखेला कर्मचारी रजेवर असेल, तर वाढीव वेतन तो कामावर रुजू झाल्याच्या दिवसापासून मिळते. काका १ जुलैला रजेवर होते, तर वाढ २ जुलैपासून लागायला हवी होती. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या हस्ताक्षरात होत्या. त्यांतली एक चुकलेली होती.

मी काकांना बोलावून विचारले. ते म्हणाले, “घराचा स्लॅब टाकायचा होता ना ताई, म्हणून दोन महिने घेतले होते. पण पुरे कुठं झाले? पाऊस तोंडावर आला, पूरनियंत्रणाचं काम निघालं, साहेबांनी बोलावलं, आलो.” मग ती उरलेली रजा परत जमा झाली का, असे त्यांना कधी कोणाला विचारावेसे वाटले नव्हते. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असावी आणि ती वेळोवेळी अद्ययावत करून घ्यावी, हे कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे; काकांची प्रत कोरी होती.

तोंडी सांगण्यावर खाते दुरुस्त होत नाही. रुजू अहवाल हवा होता. आमच्या अभिलेख कक्षात जुने कागद लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असतात आणि रुमालावरच्या चिठ्ठ्यांची शाई वाळवीच्या आधी उडते. मी आणि शिपाईमामा तीन दिवस दुपारनंतर तिथे बसत होतो. अर्जांचा गठ्ठा अर्थातच नष्ट झाला होता. रुजू अहवाल सापडला तो प्रवास भत्त्याच्या देयकांमध्ये, चुकून टाचलेला: “मी आज दिनांक ७ जून २०१० रोजी मध्यान्हपूर्व कामावर रुजू झालो आहे.” खाली काकांची ठसठशीत सही, आणि कडेला तेव्हाच्या साहेबांचा शेरा, “उर्वरित रजा रद्द. नोंद घ्यावी.” ती नोंद कोणी घेतली नव्हती. त्या लिपिकाची त्याच महिन्यात बदली झाली असावी, असे मला वाटते; जूनमध्ये आमच्याकडे निम्म्या चुका अशाच होतात. एका टेबलावरचा माणूस उठतो, दुसरा बसायचा असतो, आणि मधल्या आठवड्यातले कागद कोणाचेच नसतात.

आता प्रश्न मोजणीचा होता. ७ जून २०१० हा सोमवार. ३ मेपासून ५ जूनपर्यंत मोजले तर ३४ दिवस होतात आणि २६ दिवस परत जमा होतात. रविवार, ६ जून धरला तर रजा ३५ दिवसांची होते आणि जमा २५. रजेच्या शेवटी येणारा रविवार पुढे जोडता येतो. पण लेखा शाखेने हरकत घेतली, की मूळ आदेश १ जुलैपर्यंतचा आहे, त्यात ६ जून पुढे जोडण्याची परवानगी नाही, सबब रविवार रजेत धरावा. हरकत नियमाला धरून होती, हे मी मान्य करते. पण मूळ आदेश काढणाऱ्याला पाच आठवड्यांनंतरचे बोलावणे कसे दिसणार होते? मी सविस्तर टिपणी लिहिली, सुधारित आदेशाचा मसुदा सोबत ठेवला आणि त्यात ६ जूनची सुट्टी पुढे जोडण्याची परवानगी मागितली. धारिका, म्हणजे फाईल, तीन आठवडे फिरली. एका रविवारासाठी सात जणांनी सह्या केल्या.

हे लिहिताना त्या सुधारित आदेशातले एक वाक्य आठवते, जे प्रत्येक रजा आदेशात असते आणि जे आम्ही न वाचता टंकलिखित करतो: “श्री. अमुक हे रजेवर गेले नसते, तर याच पदावर कार्यरत राहिले असते, असे प्रमाणित करण्यात येते.” जे घडले ते घडले नसते तर काय झाले असते, हे शासन इतक्या खात्रीने दुसरीकडे कुठेही प्रमाणित करत नसेल.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमांतले वाक्य प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असते. त्याच नियमात पुढे लिहिले आहे, की मंजुरी देणाऱ्याला रजा नाकारता येईल, रद्द करता येईल, पण कर्मचाऱ्याने मागितलेल्या आणि त्याला देय असलेल्या रजेचा प्रकार, त्याने लेखी विनंती केल्याशिवाय, बदलता येणार नाही. हा उत्तरार्ध फार थोड्यांना आठवतो. काही वर्षांपूर्वी एका तरुण लिपिकाने बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवसांची अर्जित रजा मागितली होती. त्याचे आणि साहेबांचे आधी कशावरून तरी बिनसले होते. अर्जावर शेरा आला, “असाधारण रजा मंजूर.” म्हणजे दहा दिवसांचा पगार गेला. मी धारिका परत पाठवली आणि टिपणीत नियमाचा तो उत्तरार्ध शब्दशः उतरवून खाली लिहिले, “आदेशार्थ सादर.” साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्जावर नवा शेरा होता. यात मी काही शौर्य केले असे नाही. नियमाचे पुस्तक माझ्या खणात होते, एवढेच. पण ते ज्याच्या खणात नाही, अशा किती टेबलांवर पहिलाच शेरा कायम राहत असेल, हा विचार मनात येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. निवडणुकीच्या कामाचे आदेश आले, की दुसऱ्या दिवशी वैद्यकीय प्रमाणपत्रे घेऊन लोक दारात उभे राहतात. कंबरदुखी हा आमच्याकडचा सर्वांत लोकशाहीप्रधान आजार आहे. त्यांतला कोण खरा आजारी आणि कोण नाही, हे ठरवायचा अधिकार मला नाही आणि मी तो घेतही नाही. पण वर्षभर अशी प्रमाणपत्रे पाहिल्यावर, एखादी बाई खरोखर केमोथेरपीचे कागद घेऊन येते तेव्हा साहेबांची नजर आधी संशयाची असते. तिचे नुकसान त्या कंबरदुख्यांनी केलेले असते.

बालसंगोपन रजेबाबत मात्र मला संशयाचा त्रास होत नाही, रागाचा होतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये ती लागू केली: संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत. ती रजा खात्यातून वजा होत नाही. तरीही दहावीच्या परीक्षेसाठी ती मागणाऱ्या बाईला “घरी आजी-आजोबा नाहीत का?” असे विचारले गेलेले मी ऐकले आहे. कामाच्या निकडीमुळे तारखा बदला असे सांगणे मी समजू शकते. आजी-आजोबांची चौकशी कोणत्याही नियमात नाही.

काकांचे प्रकरण निवृत्तीच्या चार दिवस आधी मार्गी लागले. खात्यात लाल शाईने दुरुस्तीची ओळ घातली, २३१ चे २५७ झाले, साहेबांनी साक्षांकन केले. त्या २६ दिवसांची रक्कम म्हणजे महिन्याच्या पगाराला चार दिवस कमी. मी काकांना बोलावून खाते दाखवले, कुठे सही करायची ते सांगितले, आणि तीन आठवडे ज्यावरून धारिका अडली होती तो रविवारही बोटाने दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली.

“सहा जून? त्या दिवशी तर मी ड्यूटीवरच होतो की, ताई. साहेबांना पहाटे स्टेशनवरून आणलं, मग दिवसभर नदीकाठची गावं फिरलो. मस्टर सोमवारी उघडलं म्हणून सही सोमवारची.”

गाडीच्या लॉगबुकात त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असणार. ते लॉगबुक कधीच रद्दीत गेले होते. काकांनी सही केली, पेनाचे टोपण लावले आणि चहा सांगू का म्हणून विचारले.