इंचभर पेशी

दिवाळी सरली की जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. कापसाच्या गाड्या शिगोशीग भरलेल्या, त्यातले पुंजके काट्यांना अडकतात आणि पुढे कितीतरी दिवस तसेच लोंबत राहतात. दुपारच्या रिकाम्या वेळी त्यातला एक काढावा, बोटांनी पिंजावा आणि एकच तंतू ओढून उन्हात धरावा. जवळजवळ तीन सेंटिमीटर भरतो. हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी.

शाळेच्या पुस्तकातली पेशी पाहून म्हणूनच जरा चिडायला होतं. विटेसारखा चौकोन, मधे केंद्रक, कडेला तंतुकणिका, कोपऱ्यात गॉल्जी पिंड, बाहेरून बाणांची गर्दी. पोरं नावं पाठ करतात, मार्क मिळवतात. गावाच्या चारही अंगांना पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, उभी असते आणि प्रयोगाला मात्र कांदा. कांद्याचंही तसं वाईट नाही म्हणा. आतल्या मांसल पाकळीची पातळ साल काढायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायची, वरून आयोडीनचा थेंब. झाकणाची काच सुईवर टेकवून तिरपी, हळू सोडायची. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे राहतात आणि अर्धा वर्ग त्या काळ्या कडांच्या गोलांनाच केंद्रक समजून वहीत उतरवतो.

पऱ्हाटीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधी असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ते दुधी असतं त्याच दिवशी, आत, पुढे सरकी, म्हणजे कापसाचं बी, व्हायच्या इवल्याशा दाण्याच्या सालीवर चारातल्या साधारण एका पेशीला फुगवटा येतो. एका सरकीवर अशा दहा हजारांच्या वर पेशी. इथून पुढे त्या पेशीला कामं दोनच: आधी लांब व्हायचं, मग भरायचं.

लांब करते ती रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी. पेशीतली बहुतेक जागा तिनेच अडवलेली असते. तिच्यात पोटॅशियम, मॅलिक आम्लाचे क्षार, साखर साठत जाते. त्यांच्यामागे पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. ऐन वाढीच्या दिवसांत शेजारच्या पेशींकडे जाणाऱ्या बारीक वाटाही काही काळ बंद होतात, म्हणजे दाब निसटत नाही. भित्तिका अजून पातळ असते आणि तिच्यातले सेल्युलोजचे धागे आडवे वेढलेले असतात, म्हणून पेशी जाडीला न फुगता लांबत जाते. भरात असली की दिवसाला दोन मिलिमीटर. रायबोझोम प्रथिनं जोडताहेत, गॉल्जी पिंडातून पेक्टिनसारखा माल पुटिकांत भरून कडेच्या पटलाकडे निघालाय, तंतुकणिका ऊर्जा पुरवताहेत. पुस्तकातल्या आकृतीतली सगळी मंडळी इथे कामाला लागलेली असतात.

हे चालतं फुलापासून तीनेक आठवडे. याच काळात पावसाने उघडीप दिली, जमीन हलकी असली, की रिक्तिकेला पाणी पुरत नाही आणि तंतू आखूड राहतो. नंतर विहीर उपसून पाणी दिलं तरी त्या बोंडातले गेलेले मिलिमीटर परत येत नाहीत. पालाश कमी पडलं तरी तोच फटका, कारण पाणी ओढून आणणारं पोटॅशियमच नसतं.

मग भरणी. पटलात बसलेली विकरं साखर जोडून सेल्युलोजचे धागे काढतात आणि भित्तिकेला आतून थरावर थर चढतो. पक्व तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतं. हे काम थंड रात्री मंदावतं. फरदडीचं, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचं, खरं दुखणं इथे आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या बोंडात तंतू लांब झाला तरी भित्तिका नीट भरत नाही, वर गुलाबी बोंडअळी सरकी पोखरते आणि हाती कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, येतो. असा कच्चा तंतू सूत काढताना गुठळी धरतो आणि रंगही नीट घेत नाही.

पानातल्या पेशीचा संसार निराळा. तिथे हरितलवकं असतात, आणि लाल्या, म्हणजे पानं लाल पडायचा विकार, येतो तो तिथेच. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. बोंडं भरायच्या वेळी मॅग्नेशियम-नत्राची ओढाताण झाली की जुन्या पानांतलं हरितद्रव्य मोडतं, रिक्तिकेत लाल रंगद्रव्य साठतं आणि शेत लाल दिसायला लागतं. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, हा फवारा वेळेवर बसला तर बसला. पान पुरतं लाल झाल्यावर मारला तर नुसती मजुरी जाते.

दीड-पावणेदोन महिन्यांनी बोंड फुटतं. ऊन आत जातं, पाणी उडतं, पेशी मरते. पेशीद्रव्य आणि केंद्रक सुकून आतल्या पोकळीत चिकटून राहतात. नळी चपटी होते आणि पीळ घेते. सेल्युलोजचे धागे तिरपे गुंडाळलेले असतात आणि मधेमधे दिशा बदलतात, म्हणून पीळही कधी डावा, कधी उजवा. हा पीळ असतो म्हणूनच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो आणि सूत निघतं. भिंत भरलीच नसेल तर नळी नुसती चपटी होते, पीळ पडत नाही. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले, तेही मेलेल्या पेशींचेच, आत काही नसलेले. इथे त्याच मेलेल्या भिंतीला क्विंटलवर भाव लागतो.

भाव करणारा मात्र मूठभर कापूस ओढून लांबी बघतो, ओल बघतो आणि आकडा सांगतो. मायक्रोनेअर या तंतूच्या जाडी-पक्वतेच्या मापाची पाळी सरकीपासून रुई, म्हणजे नुसते तंतू, निघाल्यावर: दाबलेल्या रुईतून हवा किती जाते ते मोजायचं. ३.५ च्या खाली आकडा आला तर बहुतेक वेळा भिंत कच्ची. तोवर शेतकरी घरी पोचलेला असतो. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीची ढेप गुरांना. ती किती द्यावी हा वेगळाच विषय, त्यात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य आलं.